पेवावरचा फेर

९ जुलै १९५६, सोमवार

आज आणखी एक बाई मेली. गाण्यात!

साक्षरतेच्या वर्गाला सोळा बायका आल्या होत्या. पाटी गिरवून झाली तशी मीच म्हटलं, नागपंचमी महिन्यावर आली, तुमच्या फेरातलं एखादं गाणं म्हणा. कुठून बुद्धी झाली! गवराबाईनं सुरुवात केली. ही आमच्या निंबळवाडीच्या बायकांची म्होरकी. पन्नाशी उलटलेली, दुसऱ्याच्या शेतावर राबणारी, पण आवाज असा की शाळेचे पत्रे वाजतात. बाकीच्या पंधराजणी तिच्या मागून.

गोष्ट काय, तर मंजुळा नावाची एक सून. दारात भिकारीण आली, तिला हिनं सूपभर जोंधळा घातला. नवऱ्याला न विचारता! मग काय, नवरा दुसऱ्या दिवशी तिला पेवात उतरवतो. मी पुण्यात वाढलेली, पेव इथं येऊनच पाहिलं. जमिनीत विहिरीसारखा खोल खड्डा, आत वर्षाचं धान्य, तोंडावर दगड आणि त्यावर लिंपण. पाऊस लागला की आत वाईट वाफ धरते. म्हणून पेव उघडलं की आधी दोरीनं दिवा सोडून बघतात. दिवा विझला तर त्या दिवशी कोणी उतरत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि गाणं म्हणतं —

दिवा गं भरला, सई बाई भरला
धन्यानं विझवला, वरच्या वर विझवला

मग मंजुळा आत, दगड वर, आणि शेवटी 'जोंधळा उरला, सई बाई उरला'. संपलं! बायको गेली, जोंधळा राहिला. आणि हे गाताना कोणाच्या डोळ्यांत टिपूस नाही. पाय असे आपटत होत्या की माझ्या टेबलावरची दौत सांडली.

किळस आली. स्पष्ट लिहिते.

१० जुलै

दिवसभर तीच चाल डोक्यात. चाल चांगली आहे हो! हीच तर खोड.

११ जुलै

मी आजवर ऐकलेल्या असल्या गाण्यांची आज उजळणी केली. एकीला बुरुजाच्या पायात गाडलं, तेव्हा बुरूज उभा राहिला. एक तळ्यात गेली, तेव्हा तळ्याला पाणी लागलं. एकीला सासूनं विष घातलं, तिच्या जागी चाफ्याचं झाड उगवलं. बाई मेली की कुठं पाणी, कुठं बुरूज, कुठं फुलं! सरकारनं उगीच धरणांवर सिमेंट घालवलं. गावोगावच्या सुना पाटबंधारे खात्याला कळवाव्यात, काम स्वस्तात होईल.

आणि एकाही गाण्यात सासरा मरत नाही. नवऱ्याला साधा ताप येत नाही!

गातात कोण? बायकाच. मारणारे परवडले, पण मारल्याचं गाणं करून त्यावर फुगड्या घालणाऱ्या या — यांना काय म्हणावं?

१३ जुलै, शुक्रवार

दौलतराव पाटील शाळेत आले होते. शाळा समितीचे अध्यक्ष आणि गावचे सरपंच. पांढरंशुभ्र धोतर, चष्मा, हातात कालचं वर्तमानपत्र. गावात छापील अक्षर वाचणारा माझ्याखेरीज हा एकच माणूस. मी मंजुळेच्या गाण्याचं बोलले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "बाई, मी किती वर्षं म्हणतोय, हे रानटी गाणं बंद व्हायला पाहिजे. पण बायकांना कोण सांगणार? तुम्ही शिकलेल्या. तुमचं ऐकतील."

फेर दर वर्षी त्यांच्याच घरापुढं धरतात. अंगणाच्या मधोमध त्यांचं पेव आहे, त्याच्या दगडाभोवती. आता कळलं! पेवाभोवती नाचायचं म्हणून पेवाचं गाणं. इतकी साधी यांची अक्कल.

पाटील म्हणाले, या साली फेर शाळेच्या पटांगणात घ्या, गाणं नवं घ्या, मी सगळी मदत करतो. निदान एक माणूस या गावात सुधारलेला आहे. निघताना दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "गाण्यात ते दिव्याचं अजून म्हणतात का हो?" म्हटलं, म्हणतात. ते मान हलवत गेले.

१५ जुलै, रविवार

चिंचवडला दादाकडे गेले. ज्योतीरामदादा आता पिंपरीच्या कारखान्यात कायम झाला. शिफ्ट, भोंगा, कॅन्टीन, याखेरीज बोलणं नाही. वहिनीनं नेहमीप्रमाणे एका बिजवराचं स्थळ सांगितलं. मी नेहमीप्रमाणे हसले. छत्तिसाव्या वर्षी हसणं फार सोपं जातं.

दौलतरावांचा मुलगा हिंदुराव दादाच्याच खात्यात आहे. तिथंच खोली करून राहतो, गावी शनिवारचा येतो. दादा म्हणाला, "तो तर मंगळसूत्राचे भाव विचारत फिरतोय. मार्गशीर्षात बार उडवायचा म्हणतो. आम्हाला जेवायचं आमंत्रणसुद्धा दिलं."

मी म्हटलं, अरे, त्याला बायको आहे! सगुणा. माझ्या वर्गाला येते. दादा म्हणाला, "मग थट्टा करत असेल."

थट्टाच. कारखान्यातल्या पुरुषांना दुसरं सुचतं काय?

परत येताना गाण्याच्या चार ओळी जमल्या. 'बंधारा बांधू गं, शाळेत जाऊ गं, अडाणीपणाला रजा देऊ गं.' वाईट नाहीत.

१९ जुलै

आज वर्गात नवा कायदा समजावून सांगितला. एक बायको जिवंत असताना दुसरी करता येत नाही. केली तर तुरुंग. मला वाटलं होतं, बायका टाळ्या वाजवतील. काही नाही. सगुणा पाटीवर स्वतःचं नाव काढत बसली होती, तिचा खडू मात्र थांबला. चार वर्षं झाली लग्नाला, मूल नाही. तिच्यासारखीसाठीच तर हा कायदा!

गवराबाई म्हणाली, "म्हंजी पयली मेल्याबिगर दुसरी न्हाई. असंच ना, बाई?"

म्हटलं, अहो, कायद्याचा असा उलटा अर्थ काढायचा नसतो.

"मी कुटं काढला?" म्हणाली. "काढणारे काढत्यात."

कसलं तिरकं डोकं! सरकारनं दूध दिलं तरी या त्यात माशी शोधणार.

२३ जुलै

माझ्या गाण्याची तालीम. अरे देवा! ताप आल्यासारख्या गातात. 'बंधारा' म्हणताना पाय उचलत नाहीत. एकटी सगुणा शब्द नीट म्हणते, ती हुशार आहेच. सोळाजणींत तिचंच अक्षर वाचता येतं. पुढच्या वर्षी तिला चौथीच्या परीक्षेला बसवायचं माझ्या मनात आहे. बसवणारच!

गवराबाईला विचारलं, का गात नाही? "गानं ग्वाड हाय, बाई. पर ते कुनाला ऐकवायचं?"

कोणाला म्हणजे? गाणं काय कोणाच्या नावानं पाठवायचं पत्र असतं?

२७ जुलै, शुक्रवार

पाटलांनी दवंडी दिली. पंचमीचा फेर शाळेत. अंगणात कोणी यायचं नाही, जुनं गाणं म्हणायचं नाही.

गवराबाई तरातरा माझ्याकडे आली. "बाई, ह्ये तुमी केलं?"

"हो, मी केलं!" आणि मग माझा तोल सुटला. म्हटलं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? एका बाईला जिवंत गाडतात आणि तुम्ही त्यावर फेर धरता! तुम्हाला मेलेली बाईच आवडते. जिवंत सून दिसली की हिणवता, मेली की गाणी गाता.

ती ऐकून घेत उभी होती. मग म्हणाली, "झालं बोलून?" आणि गेली. उद्धट!

२८ जुलै

सगुणा वर्गाला आली नाही.

३० जुलै

आजही नाही. तिची सासू सुभद्राबाई पाणवठ्यावर भेटली. ही पाटलांची दुसरी बायको. वाळक्या शेंगेसारखी, तोंडातून शब्द फुटत नाही, फुटला तर कडू. मी विचारलं, सगुणेला का पाठवत नाही? "आता काय करायचं शिकून," म्हणाली आणि हंडा उचलून चालू लागली. आता काय करायचं! चार वर्षं छळून पोट भरलं नाही वाटतं. सासवा अशा, म्हणून तर गाणी तशी.

२ ऑगस्ट

सगुणा देवळामागं भेटली. उजवा गाल सुजलेला. विचारलं, तर "दार लागलं." दाराला बोटं असतात हे मला ठाऊक नव्हतं. चार बोटांचे वळ स्वच्छ दिसत होते.

म्हणाली, घरातला जोंधळा संपला, पेव उघडायचंय. पंचमीला खणायचं-चिरायचं नसतं, म्हणून आदल्या दिवशी, शुक्रवारी. "गड्याला मामंजींनी सुट्टी दिलीय. मीच उतरायचंय." हे तिनं दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, अगं, घाबरायचं काय? दिवा सोडतील, विझला तर थांबतील. शास्त्र आहे ते! ती गालावर पदर ओढून चालू लागली. या गाण्यांनी पोरींची डोकी किती बिघडवली आहेत!

५ ऑगस्ट, रविवार

लिहायला हात धजत नाही. पण लिहायचं आहे.

पंचमीला सहा दिवस राहिले, म्हणून सकाळी गवराबाईच्या खोपटावर गेले. तडजोड करायला! म्हटलं, जुनं गाणं अगदीच सोडवत नसेल तर शाळेत म्हणा, पण ते दिव्याचं कडवं गाळा. अर्थहीन आहे. नवऱ्याला तिला मारायचंच होतं तर दिवा कशाला भरायचा आणि विझवायचा कशाला? गोष्टीत बसत नाही.

ती शेण थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दिवा म्या भरला व्हता, बाई."

मला कळेना. म्हटलं, कुठला दिवा?

मग तिनं सांगितलं. एकोणतीस वर्षांपूर्वी ती पाटलांच्या घरी कामाला होती. मंजुळाबाई ही दौलतरावांची पहिली बायको. खरी! हाडामांसाची! त्या साली गवराबाईच्या घरात तीन दिवस चूल नव्हती, तेव्हा मंजुळाबाईनं तिच्या पदरात सूपभर जोंधळा घातला. "भिकारीण कसली, बाई. ती म्याच. गान्यात भिकारीण केली, न्हाईतर मला गावात ठिवलं नसतं." दुसऱ्या दिवशी पेव उघडलं. गवराबाईनं कंदील भरून, पेटवून दोरीला बांधला. दौलतरावांनी काच वर करून फुंकर मारली. म्हणाले, कशाला तेल जाळता, सकाळीच उघडून वारं दिलंय. आणि बायकोला म्हणाले, उतर. लोकांचे पदर भरतेस ना, आता आपलं घरही भर.

ती उतरली. दोन पाट्या वर आल्या. तिसरी आली नाही.

गावात सांगितलं, वाट न बघता आपणहून उतरली. पोलीस पाटील कोण? दौलतरावांचा सख्खा चुलता. पंचनामा त्यानंच केला.

"मंग आमी गानं केलं," गवराबाई म्हणाली. "म्या आन चौघीजणींनी. दर पंचमीला त्याच्या दारात, त्याच्या पेवावर. त्यो आत कडी लावून बसतो. एकुनतीस साल ऐकतोय. दुसरी केली त्यानं. तिला मारली-झोडली, पर उतरवली न्हाई. का न्हाई? तर पंचमी येती. आमी येतो."

मी म्हटलं, मला का सांगितलं नाहीत?

"तुमी इचारलं कुटं? तुमी शिकवत व्हता."

त्याच दिवशी, दुपारी

किती शहाणी मी! कसली सुधारक! बायकांनी एका खुन्याच्या दारात एकोणतीस वर्षं पहारा ठेवला आणि मी येऊन पहारेकऱ्यांना हाकलून दिलं. वर 'बंधारा बांधू गं' शिकवलं! पाटील दाराशी थांबून दिव्याचं विचारत होते, आणि मी त्यांना एकटा सुधारलेला माणूस म्हणून वहीत लिहून ठेवलं. तेरा तारखेचं पान फाडणार होते. नाही फाडत. राहू दे, दिसू दे.

हिंदुराव मंगळसूत्राचे भाव विचारतोय. कायद्यानं दुसरी करता येत नाही, पहिली असेपर्यंत. शुक्रवारी सगुणा उतरणार. गड्याला सुट्टी दिली आहे.

फौजदाराकडे जाऊ? काय सांगू त्याला? गाणं म्हणून दाखवू?

६ ऑगस्ट, सोमवार

आज दिव्यांची अवस. पाटलांकडे गेले, तर ओसरीवर पाट मांडून त्यावर घरातले सगळे दिवे घासूनपुसून ओळीनं लावलेले. समया, निरांजनं, कंदील. हळदकुंकू वाहिलेलं. त्या घरात दिव्यांची पूजा! हसावं की थुंकावं कळेना.

मी म्हटलं, पाटील, माझी चूक झाली. फेर जुन्या जागी होऊ द्या, जुनं गाणं म्हणू द्या.

ते हसले. इतके गोड हसले! "बाई, रानटी हा शब्द तुमचा. चार लोकांत तुम्हीच बोललात. आता मी तुमचा शब्द खाली पडू देऊ?" शब्द त्यांचाच, तेरा तारखेच्या पानावर आहे! वर म्हणाले, "डोंगराकडच्या शाळांना मास्तर मिळत नाहीत म्हणे. पावसात तिकडं फार हाल होतात. तुमचं इथं बरं चाललंय."

सुभद्राबाई खांबाशी उभी होती. तिनं माझ्यापुढं साखरेची वाटी ठेवली आणि आत गेली. हीसुद्धा त्यातलीच!

७ ऑगस्ट

सगुणेला गाठलं. म्हटलं, माझ्याबरोबर चल, चिंचवडला दादाकडे ठेवते. तिनं नाही म्हटलं. आईबाप नाहीत, भाऊ दारात उभं करत नाही, आणि घरातून पळाली म्हटलं की यांना हवंच आहे. "मंग मी वाईट ठरीन, बाई. आता निदान मला कुनी वाईट म्हनत न्हाई." मरायला निघाली आहे, आणि नाव चांगलं राहावं म्हणून धडपड!

रागानं तिचा हात झिडकारला. मग रस्ताभर रडले.

९ ऑगस्ट, गुरुवार

हिंदुराव आज आला. मधल्या वारी! रजा काढून.

दिवसभर वाचनमाला चाळत बसले. चौथीचं शास्त्र, धडा सहावा: 'हवा'. तो मी दर वर्षी मेणबत्तीवर पेला पालथा घालून शिकवते. या वर्षी अजून शिकवायचा राहिला आहे.

मी गाणं बंद केलं. धडा बंद करायला मला कोण सांगतो ते बघते!

१० ऑगस्ट, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळी प्रार्थना झाल्याबरोबर सगळ्या एकतीस मुलांची रांग केली. पाट्या बरोबर. शाळेचा कंदील आणि विहिरीचा दोर मी घेतला. पाटलांच्या अंगणात पोचलो तेव्हा पेवाचा दगड सरकवलेला होता. खालून आंबट, कोंदट वास येत होता. सगुणेच्या कमरेला दोर बांधलेला. दुसरं टोक हिंदुरावाच्या हातात. दौलतराव खुर्ची टाकून बसलेले. कंदील? कुठंच नाही. सोमवारी पाटावर दिव्यांची ओळ होती, आज एक नाही!

म्हटलं, नमस्कार. धडा सहावा, हवा. मुलांना प्रत्यक्ष दाखवायचंय. सरकारी हुकूम आहे, प्रत्यक्ष दाखवावं. (असा हुकूम आहे की नाही देव जाणे!)

"आज नको, बाई. काम आहे."

म्हटलं, काम अडवत नाही. आपण तर समितीचे अध्यक्ष. मुलांनो, अध्यक्षांना नमस्कार करा! एकतीस मुलांनी केला. काय करतील बिचारे पाटील? खुर्चीतून उठावं लागलं.

एवढ्यात कुंपणाशी बायका जमू लागल्या. गवराबाई पुढं.

मी कंदील पेटवला, दोराला बांधला, आत सोडला. मुलांना म्हटलं, मोठ्यानं आकडे मोजा. एक, दोन, तीन... नवाला ज्योत निळी झाली आणि गेली. वर काढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा नवालाच! मुलं आनंदानं ओरडली. शाळेत मेणबत्ती इतकी झटकन कधी विझत नाही.

"मुलांनो, आत कोणती हवा आहे?"

"कर्बाम्ल वायू!"

"दिवा विझला, आता माणूस उतरला तर?"

"माणूस मरतं, बाई!" एकतीस गळे. पलीकडच्या आळीत ऐकू गेलं असेल.

आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता, इतका स्थिर. विचारलं, "आणि हे माहीत असून, दिवा न सोडता कोणी माणसाला उतरवलं तर?"

मग चिमाजी गुरवाची मुलगी, तिसरीतली, बोट वर करून म्हणाली, "तर मंग त्यानं मारलं, बाई."

म्हटलं, बरोबर. खाली बस.

दौलतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. "छान. फार छान पाठ," म्हणाले. हिंदुरावाच्या हातातून दोर खाली पडला होता. मी जाऊन सगुणेच्या कमरेची गाठ सोडली. घट्ट होती, नख मोडलं.

परत येताना मुलं उड्या मारत होती आणि मीही मनातून मारत होते. खोटं कशाला बोलू? पण वेशीशी गवराबाईनं गाठलं. "आज झाक केलंत, बाई. पर उंद्या? हीर हाय, गवत कापायचा इळा हाय, राकेल हाय. तितं कंचा धडा घेनार?"

धडे फक्त सोळा आहेत.

११ ऑगस्ट, शनिवार. पंचमी

शाळेच्या पटांगणात कोणी आलं नाही. मीही गेले नाही. सगळ्या पाटलांच्या अंगणात. दवंडी कोणाच्या लक्षात नव्हती आणि माझं गाणं मलाच आठवेना. मंजुळेचं गाणं अख्खं झालं, दिव्याच्या कडव्यासकट. सगुणा माझ्या शेजारी होती, तिचा हात माझ्या हातात. आतून कडी लावलेली.

गाण्यात त्याचं नाव नाही. 'धनी', एवढंच.

दम खायला बसलो, तर कडी वाजली. सुभद्राबाई बाहेर आली. या दिवशी ती कधीच बाहेर येत नाही, असं बायका कुजबुजल्या. ती येऊन पेवाच्या दगडावर बसली. पंचमीच्या खेळात कोणीही बसलं की म्हणतात तसं एक पोरगी सवयीनं म्हणून गेली, "काकू, नाव घ्या!"

तिनं पदर सारखा केला. मोठ्यानं म्हणाली —

"पेवभर जोंधळा, वर दगडाचं झाकण,
दौलतरावांनी पयली पुरली, मला ठेवलं राखण."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

गवराबाई म्हणाली, "पुन्यांदा घे."

तिनं पुन्हा घेतलं.